भिंतीवरच्या चार मुली

सिंगापूरहून परत आल्यापासून इचलकरंजीत भेटेल तो एकच विचारतो, "तिकडचे रस्ते खरंच इतके स्वच्छ असतात?" असतात. एवढं सांगितलं की समोरच्याचं समाधान होतं आणि विषय संपतो. पण तिथे मला जो हादरा बसला त्याचा रस्त्यांशी काही संबंध नव्हता. तो एका सोळा वर्षांच्या मुलीच्या खोलीत बसला. ते कुणी विचारत नाही, म्हणून लिहून ठेवते.

सेम्बावांग

माझी मावसबहीण मंजिरीताई बेटाच्या उत्तर टोकाला, सेम्बावांगला राहते. अभिजितदाजी पाया लेबारच्या एका कंपनीत हिशेब सांभाळतात. दोघं आता तिथलेच कायमचे रहिवासी झालेत. त्यांची एकुलती एक मुलगी सानिका, म्हणजे सानू. माझी झोपायची सोय सानूच्या खोलीत केली होती. दार उघडलं आणि मी बॅग हातात धरून उंबऱ्यातच थांबले.

समोरच्या भिंतीवर नुसत्या मुली होत्या. बशीएवढे डोळे, मनगटाएवढी कंबर, शाळेचा गणवेश, केस गुलाबी, निळे, हिरवे. एकीच्या हातात रक्ताळलेला चाकू होता, आणि गालावर नव्या नवरीसारखी लाली.

"ही कोण गं?"

"दॅट वन यांदेरे, मावशी."

"यांदेरे हे तिचं नाव?"

"नाव नाही. टाइप."

मग सानू पलंगावर मांडी घालून बसली आणि आमच्याकडे कापडाचा व्यापारी ठाण उलगडून दाखवतो तशी मला एकेक मुलगी दाखवू लागली. जपानमधली चित्रकथांची पुस्तकं म्हणजे मांगा आणि तसेच चित्रपट, मालिका म्हणजे आनिमे. त्यातल्या मुलींचे स्वभाव ठरलेले असतात, आणि प्रत्येक स्वभावाला नाव असतं. त्सुंदेरे वरून तिखट. "हा डबा काही मी तुझ्यासाठी आणलेला नाही!" असं मुलावर खेकसते, आणि डबा त्याच्यासाठीच आणलेला असतो. कूदेरे थंड, चेहऱ्यावर काही दिसत नाही, पण मनातून त्याच्यावर जीव. दांदेरे गप्प, कुणाशीच बोलत नाही, फक्त तो आला की बोलते. आणि यांदेरे प्रेमात इतकी वेडी की त्याच्याजवळ दुसरी मुलगी आली तर... सानूने गळ्यावरून बोट फिरवलं आणि खुदकन हसली.

"आणि मुलगे? त्यांचे किती प्रकार?"

"त्यांचे पण असतात, लाह," तिने तिथल्या सवयीने वाक्याला शेपूट जोडलं. "पण मेन बॉय यूज्वली नॉर्मल."

नॉर्मल! मी खरंच पलंगावर बसले. मधोमध एक साधासुधा मुलगा, आणि त्याच्याभोवती तिखट, थंड, गप्प, वेडी. ताटात चटणी, कोशिंबीर, लोणचं वाढावं तशा चार मुली वाढलेल्या. आणि हे मला एक मुलगी सांगत होती. हौसेने. भिंतीवरची निम्मी चित्रं तर तिनेच काढली होती.

माझं लहानपण पत्रकांत गेलं. वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत, आई बायकांच्या. आमच्या घरी पाहुण्याला आधी पत्रक मिळायचं, मग पाणी. लग्नात मुलीला 'दान' का करायचं नाही, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. त्यामुळे त्या खोलीत माझ्या डोक्यात काय झालं असेल ते वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

संध्याकाळी ताईने पिठलं केलं होतं. जेवताना मला बाकीचं कळलं. शनिवारी शहरात या चित्रकथांचा मोठा मेळा होता आणि सानूने वेई लिंग नावाच्या मैत्रिणीबरोबर तिथे टेबल घेतलं होतं. स्वतः काढलेली चित्रं, स्टिकर, किल्ल्यांना अडकवायच्या मुली ठेवायच्या. शिवाय शाळा संपल्यावर तिला पॉलिटेक्निकमध्ये अॅनिमेशनचा कोर्स करायचा होता. त्यासाठी चित्रांचा संच दाखवावा लागतो, मुलाखत होते. दाजींना तिने ज्युनिअर कॉलेजला जाऊन पुढे कॉमर्स घ्यावं असं वाटत होतं. यावरून घरात बरेच दिवस धुसफूस चालली असावी, कारण दाजींनी भाताचा घास तसाच ठेवून एकदम मला विचारलं, "नंदू, तू लिहिणारी आहेस. तूच सांग, कशी वाटली हिची चित्रं?"

मी बोलले. थांबता येईना. म्हटलं, माणसाच्या मनाला चार खण पाडायचे आणि बाईला त्यात कोंबायचं, हा बाजार आहे. रागावलेली बाई इथे रागावलेली नसतेच, आतून विरघळलेली असते. म्हणजे तिच्या रागाला किंमत नाही. गप्प बाई दबलेली नसते, गोड असते! आणि चाकू घेऊन फिरणारी प्रेमळ! म्हटलं, "असल्या चित्रांवर एका हुशार पोरीचं आयुष्य जावं, याच्याइतकं वाईट काही नाही."

सानू ताटाकडे बघत होती. ताई म्हणाली, "अगं, भाकरी घे." दाजी काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं.

सकाळी मी चहा घेत होते. दाजी ऑफिसला निघाले होते. बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "सानू, शनिवारचं टेबल रद्द. वेई लिंगला सांगून टाक. आणि पॉलीचा अर्जही करायचा नाही."

"बट व्हाय, बाबा?"

"बायकांचा अपमान करणारी चित्रं माझ्या घरातून बाहेर जाणार नाहीत. काल मावशी काय म्हणाली ते ऐकलंस ना?"

दार लागलं. माझा चहा हातातच राहिला. वाक्य माझंच होतं, आवाज फक्त त्यांचा. आदल्या दिवशीच्या भिंतीपेक्षा हा धक्का मोठा होता. मुलींना घरात बसवणारे बाप मी खूप पाहिलेत. ते धर्म काढतात, लोक काय म्हणतील ते काढतात. पण स्त्रीमुक्तीच्या नावाने मुलीचं दार बंद करणारा बाप मी पहिल्यांदा पाहत होते, आणि कडी मी त्यांच्या हातात दिली होती.

सानू मला एवढंच म्हणाली, "हॅपी?"

ताईने सिंकमध्ये भांडी जरा जोरातच ठेवली. "नंदे, भाषण छान झालं हो तुझं. वर्षभर मी त्यांना थोडं थोडं करून वळवत आणलं होतं."

आंग मो किओ

वेई लिंगला फोनवर सांगायचं धाडस सानूला होईना. शाळेला सुट्टीच होती, ती तिच्या घरी निघाली, आंग मो किओला, आणि मी न विचारता मागोमाग गेले. एम.आर.टी.मध्ये, म्हणजे तिथल्या मेट्रोत, ती माझ्याशी बोलली नाही. गाडीत सगळेच गप्प होते, त्यामुळे आमची चुप्पी कुणाला कळली नसेल.

वेई लिंगच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर कामाचा पसारा पडला होता. छापलेली स्टिकर, कात्र्या, पारदर्शक पाकिटं. वेई लिंग बारीक चणीची, चष्म्याची मुलगी. सानूने सांगितलं तेव्हा ती रडली नाही की चिडली नाही. कात्री खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "ऑंटी, यू रेड हर कॉमिक ऑलरेडी?"

मी वाचलं नव्हतं.

भिंत पाहिली होती. भिंतीवरून बोलले होते. माझी आई कुठलंही पत्रक छापायच्या आधी ज्यांच्यावर ते लिहिलंय त्यांना वाचून दाखवते. गिरणीतल्या बायकांवरचं पत्रक गिरणीतल्या बायकांना, घरकाम करणाऱ्यांवरचं त्यांना. त्या "असं नाही हो ताई" म्हणाल्या की ओळ खोडते. मी तिची मुलगी, आणि मी एका मुलीच्या हातातल्या कामावर तिचं काम न वाचता निकाल दिला होता.

"दाखव," मी सानूला म्हटलं.

"नॉट नाऊ. भूक लागलीय."

आम्ही खालच्या हॉकर सेंटरमध्ये गेलो. छताखाली पन्नासेक खाण्याच्या टपऱ्या आणि मधे बाकडी. मी एक रिकामं टेबल बघून बसले. वर कुणाचं तरी कागदी रुमालांचं पाकीट राहिलं होतं, ते उचलून शेजारच्या आजोबांना देऊ केलं. आजोबा माझ्याकडे चोर पकडल्यासारखे बघायला लागले. सानू धावत आली. "मावशी! ते कुणीतरी जागा धरायला ठेवलंय!" आपल्याकडे एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकतात, तेच. फक्त इथे कुणी भांडत नाही आणि रुमाल जागचा हलत नाही. मी मुकाट उठले. सानूला हसू आवरेना, आणि सकाळपासूनचा ताण थोडा सैल झाला.

तिने कॅरट केक मागवला. त्यात गाजर नव्हतं आणि तो केकही नव्हता. मुळ्याच्या वड्या अंड्यात परतलेल्या, वर तिखट. मी चकित झाले आणि सगळं संपवलं. खाता खाता सानू आपणहून बोलायला लागली, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी.

"मी इथे आले तेव्हा सात वर्षांची होते. माझं इंग्लिश सांगलीच्या शाळेतलं. मुलं हसायची. म्हणून मी बोलणंच बंद केलं. दोन वर्षं, मावशी. टीचरने आईला बोलावलं होतं, काहीतरी प्रॉब्लेम आहे म्हणून. सगळे मला विचित्र म्हणायचे. मग ही वेई लिंग शेजारी बसायला आली. एक दिवस म्हणाली, यू नॉट वियर्ड, यू दांदेरे. मला माहीतच नव्हतं ते काय. तिने पुस्तक दिलं. त्यातली मुलगी माझ्यासारखी गप्प, आणि सगळ्यांना आवडायची."

वेई लिंगने स्ट्रॉ चावत मान हलवली. "शी रेड फिफ्टी बुक्स, देन शी स्टार्ट टॉकिंग. नाऊ कॅनॉट स्टॉप."

मी हातातला चमचा ठेवला. ज्याला मी बाजार म्हणाले होते, तिथे एक नऊ वर्षांची मुलगी पावसातून आडोशाला यावं तशी शिरली होती.

पण माझा स्वभाव गप्प बसायचा नाही. "सानू, ते बरोबर आहे. पण ती पुस्तकातली मुलगी शेवटी बोलते कुणाशी? त्या साध्यासुध्या मुलाशीच ना?"

"एक्झॅक्टली!" सानूने टेबलावर हात आपटला. आजोबांनी पुन्हा वळून पाहिलं. "तेच मला आवडत नाही. म्हणूनच मी माझी काढते ना!"

आणि तिने पिशवीतून काढून ते माझ्यापुढे ठेवलं. सोळा पानांचं, पिना मारलेलं. एक दांदेरे मुलगी आहे, आईवडिलांबरोबर नव्या शहरात आलेली. हॉकर सेंटरमध्ये रोज वडील तिच्यासाठी मागवतात. ती तोंड उघडायच्या आत. तिला जे आवडत नाही तेच. पानामागून पान ती ते निमूट खाते. डोळे बशीएवढेच आहेत, केस निळेच आहेत. शेवटून दुसऱ्या पानावर वडील फोनवर बोलत असतात आणि टपरीवरची बाई थेट मुलीला विचारते, तुला काय हवंय? मुलगी तोंड उघडते. शेवटचं आख्खं पान तिच्या तोंडातून निघालेल्या शब्दांनी भरलेलं आहे: बर्फ नको, साखर कमी, मिरची वेगळी, आणि अंडं वर. मुलगा कुठेच नाही.

माझ्या दहा पत्रकांत जे आलं नसतं ते तिथे होतं.

"हे बाबांनी वाचलंय?"

"ते कव्हर बघतात आणि परत देतात. सेम लाइक यू."

पाया लेबार

दुसऱ्या दिवशी मी दाजींना त्यांच्या ऑफिसखाली गाठलं. पाया लेबार म्हणजे काचेच्या इमारती आणि त्यांच्या पोटात दुकानं. दुपारी सगळ्या इमारतींतून गळ्यात ओळखपत्र घातलेली माणसं एकाच वेळी खाली उतरतात. दाजींनी मॉलच्या तळमजल्यावर जागा धरून ठेवली होती, आणि मला न विचारता माझ्यासाठी डोसाही घेतला होता. मी त्या डोशाकडे पाहिलं.

"दाजी, परवा मी जे बोलले ते तुम्ही वापरलंत."

"वापरलं म्हणजे? तू चुकीचं बोललीस का?"

"नाही. त्या चार खणांबद्दल जे बोलले ते आजही म्हणते."

"मग झालं तर."

"पण मी चित्रांविरुद्ध बोलले. तुम्ही ते तिच्या चित्र काढणाऱ्या हाताविरुद्ध वळवलंत."

दाजी चिडले. एरवी शांत माणूस. "नंदू, तू आठ दिवसांनी जाणार. तुला बोलायला काय जातं? इथे मला कोण आहे? उद्या तिला काम मिळालं नाही तर तुझी पत्रकं खायला घालणार का तिला? मी तिला नको म्हटलं की मी जुनाट बाप. तू नको म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं, खरं सांगतो. म्हटलं, सुटलो."

एवढा खरेपणा मला अपेक्षित नव्हता. माझ्याकडे उत्तर तयार होतं, ते सगळं वाया गेलं.

"भीती वाटते तर तिला तसं सांगा," मी म्हटलं. "भीती वाटते म्हणा. अपमान-बिपमान मधे आणू नका. तो आमचा शब्द आहे, फार जपून ठेवलेला. असल्या कामाला नाही द्यायचा."

ते थोडे हसले. "तू अगदी तुझ्या आईवर गेलीस."

"आणि हे वाचा." मी कॉमिक पुढे केलं.

त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं, घड्याळ पाहिलं. "मीटिंग आहे."

"मग शनिवारी तिथेच वाचा. ती टेबल लावेल, मी शेजारी बसेन. वाचून झाल्यावरही नको वाटलं तर नको म्हणा, मी एक अक्षर बोलणार नाही."

"तू? एक अक्षर?" दाजी उठता उठता म्हणाले. "हे बघायला तरी यावं लागेल."

मेळा

शनिवारी त्या प्रचंड सभागृहात शिरल्यावर पहिला अर्धा तास मी नुसती आ वासून फिरले. भिंतीवरच्या मुली खाली उतरून चालत होत्या. गुलाबी केसांची एक जण बाकावर बसून करी पफ खात होती. झालरीच्या फ्रॉकमध्ये एक दाढीवाला पहिलवान होता. आणि शाळेच्या गणवेशात, डोक्याला सशाचे कान लावून, आमच्या गल्लीतल्या कुठल्याही काकूंच्या वयाच्या एक बाई! त्यांचा नवरा कौतुकाने फोटो काढत होता. कुणी टक लावून बघत नव्हतं, कुणी शिट्टी मारत नव्हतं, कुणी अंगचटीला येत नव्हतं. फोटो हवा तर आधी विचारायचं, असा तिथला रिवाज. इतक्या कमी कपड्यांतल्या इतक्या मुली इतक्या निर्धास्त मी कुठल्याही जत्रेत पाहिलेल्या नाहीत. मला हे कुठे ठेवावं कळेना. अजून कळलेलं नाही.

आमच्या टेबलावर एक तरुण आला आणि त्याने चाकूवाल्या मुलीची किचेन उचलली. मला राहवलं नाही. इंग्रजीत विचारलं, "तुला अशी बायको हवी आहे का?"

"अय्यो ऑंटी, नो लाह!" तो घाबरून म्हणाला. "दिस वन फॉर माय बॉस. शी एक्झॅक्टली लाइक दिस."

"मावशी, प्लीज," सानू दातांतून म्हणाली, "गिऱ्हाईक पळवू नको."

विकत घेणाऱ्यांत मुलीच जास्त होत्या. "मी त्सुंदेरे, ती कूदेरे," असं एकमेकींना चिडवत होत्या, घटकेत बदलतही होत्या. त्या हसत होत्या म्हणून माझा राग खोटा ठरत नाही. पण त्यांना दिसत नाही ते फक्त मलाच दिसतं, हा माझा समज त्या टेबलाशी बसून बराच झिजला.

दुपारी दाजी आले. ऑफिसचाच शर्ट. त्या गर्दीत तेच वेगळा पोशाख करून आल्यासारखे दिसत होते. आल्या आल्या त्यांनी कॉमिक उचललं आणि टेबलासमोर उभ्या उभ्या वाचायला लागले. सानूने माझा हात धरला होता, नखं रुतत होती. वेई लिंग सुट्टे पैसे उगाचच पुन्हा पुन्हा मोजत होती.

दाजींनी एक पान मागे उलटलं. परत पुढे. वडील मागवतात त्या पानावर ते बराच वेळ थांबले. मी शब्द दिला होता, तोंड मिटून बसले होते. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही.

"सानू," ते म्हणाले.

"हं?"

"मुलाखतीत हेच दाखवणार आहेस?"

तिने मान हलवली. मग मोठ्याने म्हणाली, "हो. दाखवणार."

"मग शेवटचं पान नीट छापून घे. उजवीकडचा काठ कापला गेलाय. शब्द तुटतात." त्यांनी कॉमिक खाली ठेवलं. लगेच पुन्हा उचललं आणि काठावरून बोट फिरवत म्हणाले, "ती बोलते तेच कापलं गेलंय. असं चालणार नाही."

सानू खाली वाकून खोक्यात काहीतरी शोधत राहिली, बराच वेळ. वर आली तेव्हा नाक लाल होतं. तेवढ्यात एक मुलगी आली आणि सानू तिला आपलं पुस्तक समजावून सांगायला लागली, हात हलवत, भराभर.

मी टेबलाला वळसा घालून दाजींशेजारी जाऊन उभी राहिले. ते माझ्याकडे झुकले. "खरं सांगू? मला हे डोळे-बिळे अजून आवडत नाहीत."

"मलाही नाही," मी म्हटलं. "आणि ती चाकूवाली तर मुळीच नाही."

"मग आपण दोघं इथे काय करतोय?"

आमच्या मागे लोक थांबले होते, टाचा उंच करून आमच्या खांद्यांवरून डोकावत होते. सानूने मान वळवून आमच्याकडे पाहिलं.

"बाबा, मावशी, जरा बाजूला सरका ना. लोकांना दिसत नाहीये."

दाजी डावीकडे सरकले, मी उजवीकडे.